तिसरी चावी

आमच्या बिल्डिंगमध्ये अलीकडच्या काही वर्षांत राहायला आलेले लोक मला अजून विचारतात, वरच्या माळ्यावर एक काळा माणूस राहायचा ना, तो कुठे गेला? मी सांगते, त्याला नाव होतं. योनास. विचारलं असतंत तर जीभ झिजली नसती तुमची. मग बिचारे ओशाळतात आणि भराभर जिना चढून जातात. मी तळमजल्यावर राहते, त्यामुळे माझ्या दारावरून गेल्याशिवाय कुणाला वर जाता येत नाही. माझ्या गुडघ्यांची आणि जिभेची बिल्डिंगभर ख्याती आहे. गुडघे चालत नाहीत आणि जीभ थांबत नाही.

मी ऊर्मिला. नवऱ्याच्या नोकरीपायी पुण्याहून जर्मनीत, डार्मश्टाटला आले त्याला तीस वर्षं झाली. नवरा गेला, मुलगा कार्ल्सरूहेला नोकरीला, मी इथेच. आता या वयात नवीन शहर कोण शिकणार?

योनास आला तेव्हा थंडी होती. आफ्रिकेतल्या एरिट्रियाचा माणूस, तिशीच्या आतबाहेरचा, हातात दोन पिशव्या. त्याने सामान वर ठेवलं आणि खाली येऊन एकेका दाराची बेल वाजवून स्वतःची ओळख करून दिली. इथली रीत आहे म्हणे तशी. तीस वर्षांत एकाही जर्मन माणसाने माझ्याकडे येऊन ती पाळली नव्हती. मी पोहे करत होते, त्याला बशी दिली. त्याने बेसिनवर हात धुतले, चमचा बाजूला ठेवला आणि हाताने खाल्लं. आमच्याकडे पण असंच, म्हणाला. झालं, माझ्या घरातलं त्याचं स्थान तिथेच पक्कं झालं.

तो एका वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांची शुश्रूषा करण्याचं शिक्षण घेत होता. तीन वर्षांची आउसबिल्डुंग, म्हणजे काम करता करता शिकायचं. वाळवंट आणि समुद्र ओलांडून आला होता, पण त्याबद्दल चकार शब्द काढायचा नाही. बोलायचा ते फक्त सेलामबद्दल. सेलाम त्याची मुलगी. ती रांगत होती तेव्हा तो घरून निघाला. आता बायको आणि मुलगी शेजारच्या इथिओपियात आदिस अबाबाला एका खोलीत राहत होत्या आणि तो फोनच्या पडद्यावर तिचे दात पडताना आणि नवे येताना बघत होता.

त्याला आयुष्यात एकच गोष्ट हवी होती, दोन खोल्यांचं घर. तेवढं हातात आल्याशिवाय बायको-मुलीच्या व्हिसाची फाईल पुढे सरकत नव्हती. आमची घरमालकीण फ्राउ लिंडनर, म्हणजे लिंडनरबाई, पहिल्या मजल्यावर राहते. तिने त्याला शब्द दिला होता, दुसऱ्या मजल्यावरचे भाडेकरू वसंतात जाणार आहेत, ते घर तुझं. हातावर हात दिला होता. बायकोच्या व्हिसासाठी एम्बसीची तारीखही एप्रिलची मिळाली होती. त्या हिवाळ्यात तो जिना चढताना शीळ घालायचा.

आता मालिनीबद्दल. तिला वाईट बाई म्हणायला माझी जीभ अजूनही वळत नाही, म्हणून आधी तिचं चांगलं सांगते.

मालिनी दुसऱ्या मजल्यावर, त्या रिकाम्या होणाऱ्या घराच्या समोर राहते. नवरा पुष्कर मोटारींच्या ब्रेकवर काम करतो, मुलगी ईप्सिता. फ्रांकफुर्टच्या आसपास नवीन कुणी मराठी जोडपं आलं की पहिलं जेवण मालिनीकडे. आणि तिच्या दारातून कुठलीही बाई ओटीशिवाय परत जात नाही. हळदकुंकू, मूठभर तांदूळ, ब्लाउजपीस आणि नारळ. इथले नारळ हटकून नासके निघतात, म्हणून सफरचंद. माझे यजमान गेल्यावर सगळ्या माझ्याशी बोलायच्या, पण ओटीच्या वेळी नेमकं स्वयंपाकघरात काहीतरी आठवायचं त्यांना. पहिल्या संक्रांतीला मालिनीने मला सगळ्यांच्या आधी पाटावर बसवलं आणि माझी ओटी भरली. मी रडले होते. ते मी विसरणार नाही आणि पुढे जे झालं तेही विसरणार नाही, काय करणार?

त्या ब्लाउजपीसची गंमत तुम्हाला ठाऊक असेलच. मिळालेला खण कुणी शिवत नाही. घडीसुद्धा मोडत नाही. तो कपाटात जातो आणि पुढच्या बाईच्या ओटीत पडतो. बाड हॉम्बुर्गचा खण डार्मश्टाटला, डार्मश्टाटचा कार्ल्सरूहेला. माझा स्वतःचा एक जांभळा खण चार वर्षांनी माझ्याच पदरात परत आला होता, डागावरून ओळखला मी. आम्ही सगळ्या त्याच्यावर हसतो आणि सगळ्या तेच करतो.

ईप्सिता आणि योनासची गट्टी तर फारच. ती नऊ वर्षांची असताना आमच्या गावातल्या वोग तळ्यावर पोहायला जायची. एकदा योनास आमच्याबरोबर आला आणि काठावरच बसून राहिला. समुद्र ओलांडून आलेल्या माणसाला पोहता येत नव्हतं. नावेत बसलेल्यांपैकी कुणालाच येत नव्हतं, एवढंच म्हणाला. ईप्सिताने त्याचा हात धरून त्याला पाण्यात नेलं. सबंध उन्हाळा ती त्याच्या हनुवटीखाली हात धरून ओरडायची, पाय मार, पाय मार. शेवटी तो एकटा पलीकडच्या पायरीपर्यंत पोहत गेला. तेव्हापासून तो तिला 'टीचर' म्हणायचा. मालिनीने ईप्सिताची लहानपणची लाल सायकल घासूनपुसून सेलामसाठी त्याला दिली. ती तळघरात त्याच्या जागेवर चादरीखाली उभी असायची आणि तो अधूनमधून जाऊन तिच्या चाकांत हवा भरायचा.

ईप्सिताचं आणखी एक सांगते. इथल्या आपल्या मुलांना मराठी समजतं, पण ती उत्तर जर्मनमध्ये देतात. ही नाही. मालिनीने तिच्यावर इतकी मेहनत घेतली होती की पोरगी भांडायचीसुद्धा मराठीत. रस्त्यात ठेच लागली तरी 'आई गं'च म्हणायची.

ती नववीत गेली त्या वर्षी शाळेत इंग्रजीच्या तासाला त्यांना एक जुनी अमेरिकन कादंबरी होती. एका गावात एका काळ्या माणसावर खोटा आळ येतो. त्याने काही केलेलं नाही हे कोर्टात बसलेल्या प्रत्येकाला दिसत असतं, तरी त्यालाच दोषी ठरवतात. आणि गावातली मुलं हे बघत असतात. ईप्सिता रोज जेवताना पुढची गोष्ट सांगायची. मालिनी तोंडातला घास विसरून ऐकायची. तो माणूस मरतो तिथे आल्यावर ती हुंदके देऊन रडली. पुष्कर म्हणाला, अगं, गोष्ट आहे ती. तर त्याच्यावर खेकसली, की तुम्हाला काळीज नाही. योनास त्या दिवशी त्यांच्याकडे जेवायला होता. त्याने फक्त आणखी वरण वाढून घेतलं, असं ईप्सिता मला नंतर म्हणाली.

डिसेंबरात पुष्करच्या वडिलांचं ऑपरेशन निघालं आणि तिघं महिनाभरासाठी पुण्याला गेले. एरवी त्यांच्या कुंड्यांना पाणी मी घालते, पण मी तेव्हा गुडघा बदलून मुलाकडे पडले होते. त्यांच्या घराची एक चावी माझ्याकडे कायमची असते. दुसरी फ्राउ लिंडनरकडे असते, कधी नळ गळला तर म्हणून. तिसरी त्यांनी जाताना योनासला दिली. मालिनीची तुळस इथे दर हिवाळ्यात मरते. त्या वर्षी योनासने ती खिडकीतून काढून हीटरपासून बेताच्या अंतरावर ठेवली, रोज बघितली आणि जगवली. ते परत आले त्याच दिवशी त्याने चावी परत केली. मालिनीने त्याला चितळ्यांची बाकरवडी दिली.

आठवडाभराने मालिनी माझ्याकडे आली, चेहरा पांढराफटक. तिच्या आईच्या मोत्याच्या कुड्या सापडत नव्हत्या. आई गेल्यावर तिच्याकडे आलेलं तेवढंच, पुढे ईप्सिताला द्यायच्या म्हणून जपलेल्या. जाण्याच्या गडबडीत चोराला सुचणार नाही अशा जागी ठेवाव्यात म्हणून तिने त्या एका हिरव्या खणाच्या घडीत, अगदी आत खोचून साड्यांच्या कपाटात ठेवल्या होत्या. आता कुड्याही नव्हत्या आणि खणही नव्हता. मी म्हटलं, कुणाच्या ओटीत तर नाही ना गेला? ती जवळजवळ चिडलीच. म्हणाली, ताई, मी काय वेडी आहे का? देण्याचे खण वेगळ्या पिशवीत असतात. मी त्याला हातसुद्धा लावला नाही.

खरं होतं ते. तिने हात लावला नव्हता.

त्या दिवसानंतर मी एक बघत होते. 'आपला योनास' हा शब्द त्यांच्या घरातून गेला. आधी 'योनास' झालं, मग 'तो वरचा'. मालिनी म्हणायची, ताई, माझा त्याच्यावर संशय नाही हो, पण गरज माणसाला काय करायला लावेल सांगता येत नाही. पुष्कर म्हणायचा, आल्झो, म्हणजे असं बघा, आपण कुणावर आरोप करत नाही आहोत, इथे सिस्टीम आहे, रिपोर्ट करायचा आणि बाजूला व्हायचं. मी त्याला म्हटलं, अरे, आधी वर जाऊन त्याला विचार तरी. तर म्हणे, असं तोंडावर विचारणं बरं दिसत नाही. पोलिसांत जाणं मात्र बरं दिसतं! या पुष्करला इथे घर मिळत नव्हतं तेव्हा नुसतं आडनाव ऐकून लोक फोन ठेवायचे. त्याची गोष्ट तो दर पार्टीत सांगतो. ती गोष्ट सांगणारं तोंड आणि पोलिसांना नाव सांगणारं तोंड एकच कसं, हे मला आजतागायत कळलेलं नाही.

पोलिसांनी विचारलं, चावी कुणाकडे होती? पुष्करने एक नाव सांगितलं.

पोलीस सकाळी आले. दोघं होते, वागायला सभ्य. वरच्या खोलीची झडती घेतली. सेलामसाठी जमवलेले फ्रॉक बॅगेतून काढून पलंगावर पसरले. मग त्याला चौकशीला घेऊन निघाले. तो कामावरच्या पांढऱ्या कपड्यांत होता. ईप्सिता शाळेला निघाली होती, ती दप्तर पाठीला लावून जिन्यात उभी राहिली. मी दारात. तो तिच्यासमोर आला तेव्हा थांबला आणि म्हणाला, टीचर, जा, उशीर होईल शाळेला. आणि खाली उतरून गेला.

त्या संध्याकाळी मी मालिनीकडेच होते. ईप्सिता बाहेरून आली, कोटही न काढता टेबलापाशी उभी राहिली आणि म्हणाली, "तिघांकडे चावी होती आई. ऊर्मिलाआजीकडे, फ्राउ लिंडनरकडे आणि योनासकडे. तुम्ही पोलिसांना एकच नाव का सांगितलं?"

पुष्कर म्हणाला, आजी तेव्हा कार्ल्सरूहेला होती. आणि फ्राउ लिंडनर? ती विचारत राहिली. पुष्कर म्हणाला, वेडी आहेस का, ती कशाला घेईल?

"मग योनास कशाला घेईल?"

मालिनी उठून तिला जवळ घ्यायला गेली, तशी ती मागे सरकली. म्हणाली, "तू त्या पुस्तकातल्या माणसासाठी रडली होतीस." मालिनी म्हणाली, बाळा, ते पुस्तक आहे, हे आपलं घर आहे. ईप्सिता तिच्याकडे बघतच राहिली. चौदा वर्षांच्या पोरीने आईकडे तसं बघू नये. मला तिथे बसवेना.

दुसऱ्या दिवशी मी काठी टेकत पोलीस चौकीत गेले. म्हटलं, माझ्याकडेही चावी आहे, माझंही नाव लिहा. तिथला तरुण पोलीस माझ्या गुडघ्याकडे बघून हसला. मी म्हटलं, हसू नकोस बाबा, घरमालकिणीकडेही आहे, तिचं लिही. हो हो, नोंद करतो म्हणाला. फ्राउ लिंडनरकडे कुणी फिरकलं नाही, ते मी रोज दारात बसून बघितलं.

साप साप म्हणून भुई धोपटली की साप मरत नाही, भुई मात्र उखडते. वृद्धाश्रमाने योनासला सांगितलं, चौकशी संपेपर्यंत कामावर येऊ नकोस, इथे म्हाताऱ्यांच्या अंगावर दागिने असतात. परीक्षा जवळ आली होती, ती हुकली. फ्राउ लिंडनर माझ्याकडे येऊन म्हणाली, मला बिल्डिंगमधल्या सगळ्यांचा विचार करावा लागतो, तुम्ही समजून घ्या. मी समजून घेतलं नाही आणि तसं तिला सांगितलं. पण घर तिचं. मालिनीच्या समोरचा फ्लॅट तिने एका बँकेतल्या जोडप्याला दिला. एप्रिलची तारीख घराच्या कागदाशिवाय आली आणि गेली.

योनास मालिनीच्या दारात एकदाच गेला. मी खालून ऐकलं, कारण जिन्यात आवाज घुमतो. तो ओरडला नाही. म्हणाला, "तुम्ही मला विचारलं का नाही?" मग दार हळूच लागलं. मालिनी मला पुढे म्हणाली की तिला खरंच काय बोलावं ते सुचलं नाही. मला ते खरं वाटतं.

मे महिन्यात तो गेला. ब्रेमेनजवळ एका गोदामात काम मिळालं होतं. आला तेव्हा दोन पिशव्या होत्या, जातानाही दोनच. मी डबा दिला. म्हणाला, सायकल न्यायला येईन, सेलाम आली की. तोवर तळघरात राहू दे. मी म्हटलं, राहू दे, कुणी हात लावला तर तंगडं मोडीन. तो हसला. त्याचं ते शेवटचं हसू मी बघितलं. उन्हाळ्यात पोलिसांनी पुरावा नाही म्हणून केस बंद केली. पुष्कर म्हणाला, बघा, सिस्टीम चालते.

पुढच्या वर्षीची संक्रांत. कार्ल्सरूहेला अन्वी म्हणून माझ्या सुनेची मैत्रीण आहे, तिच्याकडे हळदीकुंकू होतं. मी, मालिनी आणि ईप्सिता तिघी गेलो. ईप्सिता आताशा घरात फार बोलायची नाही, पण माझी बॅग उचलायला म्हणून आली. तिळगूळ झाला, वाण झालं, ओट्या झाल्या. येताना रेल्वेत मालिनी आपली पिशवी आवरायला बसली. सफरचंद काढलं, तांदळाची पुरचुंडी काढली आणि मग खण हातात घेऊन एकदम हसली. "अहो ताई, बघा तरी, हा माझाच खण फिरून आला माझ्याकडे!"

हिरवा खण होता, जरीच्या काठाचा. मीसुद्धा हसले. आमचा जुनाच विनोद.

आणि मग तिची बोटं घडीवर थांबली. तिने घडी उलगडली नाही. नुसती दाबत राहिली. ईप्सिता समोर बसली होती, तिने कानातला इयरफोन काढला, पुढे वाकून तो खण आईच्या हातातून घेतला आणि उलगडला. आतून मोत्याच्या दोन कुड्या तिच्या मांडीवर पडल्या.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात. आमचा कळसाच गावभर वळसा घालून आला होता. तो कुठून कुठे गेला ते नंतर फोनाफोनी करून जुळवलं. पुण्याला निघायच्या आदल्या दिवशी बाड हॉम्बुर्गची शमिका भेटायला आली होती, नुकतं लग्न झालेली. मालिनीचे हात कणकेत होते. तिने आतून हाक मारली, अहो, तेवढा एक खण आणा ओटीला. देण्याचे खण पिशवीत आणि ठेवण्याचे कपाटात, हे पुष्करला कुठलं ठाऊक? त्याने कपाट उघडलं, समोर दिसला तो आणला आणि शमिकाच्या पदरात तांदळाखाली सारला. मालिनीने कणीक झटकून कुंकू लावलं. ओटी भरणं म्हणजे आमच्यासाठी दाराला कडी लावण्यासारखं, लावली की नाही ते कुणाला आठवतं? शमिकाने तो दुसरीला दिला, दुसरीने अन्वीला. वर्षभरात एकीनेही घडी मोडली नाही.

पण हे नंतरचं. त्या वेळी रेल्वेत मालिनी नुसती 'अगं बाई, अगं बाई' म्हणत होती. ईप्सिताने कुड्या उचलून खणावर ठेवल्या, खण आईच्या मांडीवर ठेवला आणि विचारलं, "उंड येट्स्ट?" आणि आता? एवढंच, जर्मनमध्ये. मग खिडकीबाहेर बघत बसली. डार्मश्टाट येईपर्यंत तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि तिने ते पुसलं नाही.

पुष्करचं म्हणणं पडलं, झालं ते झालं, केस बंद आहे, आता उकरून काय मिळणार? त्याला मी जे बोलले ते लिहिण्यासारखं नाही. मालिनीने मात्र त्याचं ऐकलं नाही, एवढं तिच्या बाजूने सांगते. स्वतः पोलिसांत गेली आणि वस्तू आमच्याच हातून बाहेर गेली होती असं लिहून दिलं. वृद्धाश्रमाच्या ऑफिसात जाऊन सांगितलं. फ्राउ लिंडनरला सांगितलं. ती 'आख सो', म्हणजे असं होय, म्हणाली आणि वर म्हणाली की घर तर आता दिलेलं आहे.

मार्चमध्ये आम्ही तिघी ब्रेमेनला गेलो. योनासचा नंबर माझ्याकडे होता. मी फोन केला तर या म्हणाला, कशाला ते विचारलं नाही. गावाबाहेर चार माणसांत मिळून एक घर होतं, त्यात त्याची खोली. तो वाळला होता. आम्हाला खुर्च्या देऊन स्वतः पलंगावर बसला. चहा केला, माझ्या कपात साखर न विचारता बेताची घातली.

मालिनीने टेबलावर खण ठेवला आणि त्यावर कुड्या ठेवल्या. तिचं जर्मन दुकानापुरतं चांगलं आहे. असल्या गोष्टीला ते पुरेना. दोन वाक्यांत ती मराठीवर आली. ईप्सिताला म्हणाली, तू सांग गं त्याला. आणि त्या पोरीला ते सगळं सांगावं लागलं. हे कापड आमच्या बायका एकमेकींना देतात. मान म्हणून. घरी कुणी ते उघडत नाही, पुढे देतात. बाबाने चुकून हेच दिलं. ते फिरत राहिलं.

योनासने खण हातात घेतला, काठावरून अंगठा फिरवला.

"कुणीच उघडून बघितलं नाही?" त्याने विचारलं.

"नाही," ईप्सिता म्हणाली. "कुणीच नाही."

त्याने मान हलवली आणि खण घडी घालून परत ठेवला. मालिनी खुर्चीवरून उतरून खाली बसली आणि तिने त्याच्या पायांना हात लावला. तो इतका दचकला की कप सांडला. उठा, उठा, असं करू नका, म्हणाला. तो रागावला असता तर तिला बरं वाटलं असतं. त्याने तिला धरून खुर्चीवर बसवलं आणि फडकं आणून जमीन पुसली.

शेवटी मीच विचारलं, सेलाम कधी येते? मी आहेच तशी. म्हटलं, आता नाव स्वच्छ झालंय, पुन्हा अर्ज कर, मी येते बरोबर, बघू कोण अडवतं.

तो बराच वेळ फडकं पिळत राहिला. मग सांगितलं. एप्रिलची तारीख गेल्यावर पुढची कधी मिळेल ते कुणी सांगेना. बायकोने आणखी काही महिने वाट बघितली. तिचाही दोष नाही म्हणाला, सात वर्षं वाट बघणं सोपं नसतं. तिने आता दुसऱ्या माणसाबरोबर संसार मांडला आहे, चांगला माणूस आहे. सेलाम त्याला बाबा म्हणते. फोनवर येते कधीकधी, पण काय बोलावं तिला सुचत नाही.

मग तो ईप्सिताकडे वळला. "टीचर, ती सायकल कुणाला तरी देऊन टाक. तिला आता लहान होईल."

आपल्याकडे म्हणतात, बुंद से गई वो हौद से नहीं आती. मी ती म्हण आयुष्यभर वापरली, पण थेंबाने गेलेलं म्हणजे काय ते त्या खोलीत बघितलं. कुड्या परत मिळाल्या होत्या. मालिनीचं दुःख खरं होतं, माफीही खरी होती. आणि त्या टेबलावरच्या कशाचाही त्या माणसाला काडीचा उपयोग नव्हता.

स्टेशनवर सोडायला आला. ईप्सिताने त्याला मिठी मारली तेव्हा त्याने विचारलं, अजून पोहतेस का? ती नाही म्हणाली.

याला आता वर्ष होत आलं. सायकल तळघरात चादरीखाली तशीच आहे, ईप्सिताने कुणाला दिली नाही आणि मीही विचारलं नाही. माझ्याशी ती मराठीत बोलते, पूर्वीसारखी, थट्टाही करते. घरात मात्र जर्मन. उद्धट बोलत नाही. बोलावलं की येते, विचारलं की उत्तर देते. मालिनी मराठीत विचारते, जेवायला काय करू, आणि ती जर्मनमध्ये सांगते, काहीही चालेल. सोळाव्या वाढदिवसाला मालिनीने त्या कुड्या तिच्यापुढे ठेवल्या. ती नको म्हणाली, आभारही मानले, तेही जर्मनमध्ये.

परवा मालिनी खाली आली होती. मी भाजी निवडत होते, तीही निवडू लागली. मग म्हणाली, ताई, काल तिचं बोट दारात सापडलं. केवढ्याने किंचाळली. मी धावत गेले.

मी विचारलं, फार लागलं का?

"नाही. पण ती 'आई गं' म्हणाली नाही हो. 'मामा' म्हणाली."

इथली सगळीच मुलं म्हणतात आईला मामा. त्यात काही वावगं नाही, हे मी तिला सांगू शकले असते. मी मेथीची जुडी तिच्याकडे सरकवली, आणि आम्ही दोघी पानं खुडत बसलो.